नाव काढलं तर बातमीत उरतं काय?

ताई,

मी पुण्यात पत्रकारितेच्या शेवटच्या सत्राला आहे. आम्हाला एक मोठा शोधलेख लिहावा लागतो. मी ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनचा विषय घेतला. इंदापूरकडे बीड जिल्ह्यातली एक टोळी उतरली होती, त्या फडावर, म्हणजे तोडणीच्या रानात, जात राहिले. तिथली एक बाई मोकळेपणाने बोलली. सव्विसाव्या वर्षी पिशवी काढली, डॉक्टर म्हणाले ठेवली तर कॅन्सर होईल, उचल, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराने, मुकादमाने आगाऊ दिलेली रक्कम, फेडायची होती म्हणून महिन्याभरात पुन्हा मोळ्या उचलायला गेले, असं सगळं. रेकॉर्डिंगला आणि फोटोला ती हो म्हणाली होती. लेख लिहून झाला आणि तिचा फोन आला: नाव घालू नको, फोटो तर नकोच, मुकादमाला कळलं तर पुढच्या साली उचल मिळायची नाही. आमचे सर म्हणतात, संमती दिलेली आहे, रेकॉर्डिंग आहे, नावाशिवाय या लेखात दम राहणार नाही. डॉक्टर भेटत नाहीत. निघताना मी तिच्या हातात पाचशे रुपये ठेवले होते. मैत्रीण म्हणते, तू मुलाखत विकत घेतलीस. आणि ज्या पोर्टलने लेख घ्यायचं कबूल केलं होतं ते आता सातशे शब्द मागतात, माझे अडीच हजार झालेत. लेख मागे घेऊ का? मसुदा सोबत जोडला आहे.

ता. क. छापून आलाच तर तिला लिंक पाठवायची ना?

– गोंधळलेली, पुणे

*

प्रिय गोंधळलेली,

लेख मागे घेऊ नकोस. नाव आणि फोटो मात्र काढून टाक, आणि काढलं म्हणून तिला आजच फोन करून सांग. ती बिचारी तिकडे धास्तावून बसली असेल. बाकीचं बोलणं त्यानंतरचं.

सरांचं पहिलं म्हणणं संमतीचं. तिने हो म्हटलं ते केव्हा? फडावर, हातात कोयता, समोर पुण्याहून आलेली शिकलेली मुलगी. तू काय लिहिणार, ते कुठे येणार, कोण वाचणार, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. खरं तर तेव्हा तुलाही नव्हतं. मग ती कोपीवर, आपल्या खोपटावर, गेली, चार गोष्टींचा विचार केला, नवऱ्याशी बोलली असेल, आणि नाही म्हणाली. विचार करून दिलेलं उत्तर हे दुसरं आहे, तेव्हा तेच धरायचं. एखादा आमदार आज बोलून उद्या 'ते छापू नका हं' म्हणाला तर त्याला ही सवलत द्यायची नाही. माइकसमोर बोलण्याचा अर्थ त्याला कळतो, तो कळावा म्हणून त्याने पगारी माणसं ठेवलेली असतात.

तिची भीती लाजेपोटी आहे असंही समजू नकोस. थोडी असेल, पण तिने दिलेलं कारण चोख हिशेबाचं आहे. तू फडावर गेलीस, तुला हे माहीत झालं असेल. सरांना समजावून सांग. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. त्या कोयत्यापोटी मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. ती लग्नात, दवाखान्यात, आधीचं देणं भागवण्यात हंगामाआधीच संपते. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की मार्च-एप्रिलपर्यंत टनाच्या भावाने ऊस तोडून ती फेडायची. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे वर कापून घेतात. फिटली नाही तर बाकी पुढच्या सालाच्या डोक्यावर. या कुटुंबांना दुसरं कोणी एवढी रक्कम एकदम देत नाही. 'तुझी बायको पेपरवाल्यांशी बोलते' म्हणून मुकादमाने हात आखडला तर त्यांचं वर्ष बसलं. तिच्या नावाने लेखात जो काही दम येणार आहे, त्याचे पैसे ती भरणार. तू नाही भरणार, सर नाहीत, आणि पोर्टल तर नाहीच नाही.

शिवाय तुझ्याआधी तिथे कॅमेरे येऊन गेले आहेत. २०१९ मध्ये बीडच्या या ऑपरेशनांची बातमी गाजली, देशातले आणि परदेशातले वार्ताहर वस्त्यांवर पोहोचले. बातमी होणं गरजेचंच होतं. तिच्यामुळे विषय विधिमंडळात आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आरोग्य खात्याने बायकांचं सर्वेक्षण केलं. पण मथळे कसे होते? 'गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव' या धाटणीचे. गावाचं नाव, बायकांचे चेहरे, सगळं उघडं. असा मथळा ज्या गावाला चिकटतो तिथल्या मुलींच्या सोयरिकी जमवताना काय होत असेल, याचा विचार तो देणाऱ्याने केला असेल असं मला वाटत नाही. तेव्हा तुझी बाई जर जरा बिचकून असेल, तर आपल्याच धंद्यातल्या लोकांनी तिला तसं करून ठेवलंय.

आता सरांचं दुसरं म्हणणं, नावाशिवाय दम नाही. यावर मला जास्त बोलायचंय, कारण हीच समजूत घेऊन दरवर्षी मुलं कॉलेजातून बाहेर पडतात. समज, तू तिचं पूर्ण नाव, गाव, फोटो सगळं छापलंस. वाचकाला त्यातून काय कळलं? अशी एक बाई आहे, आणि ती असं म्हणते. तिला डॉक्टर खरंच 'कॅन्सर होईल' म्हणाले का, ऑपरेशनची गरज होती का, असं आणखी किती जणींचं झालं, यातलं एकही नावाने सिद्ध होत नाही. नाव हा पुरावा नाहीच. तुझ्या लेखात आत्ता जे लंगडं आहे ते नाव ठेवूनही लंगडंच राहील, आणि नाव काढल्यावर ते फक्त उघडं पडेल. म्हणून म्हणते, तिने फोन केला ते बरंच झालं.

मसुदा मी नीट वाचला. तीन ठिकाणी पेन्सिल केली आहे.

दुसऱ्याच परिच्छेदात तू लिहितेस: 'कामात खंड पडू नये म्हणून मुकादम बायकांना पिशवी काढायला भाग पाडतात.' हे तुला कोणी सांगितलं? तिच्या बोलण्याचे जे उतारे तू पुढे दिलेस त्यात हे कुठेच नाही. ती म्हणते अंगावरून जात होतं, पोट दुखायचं, डॉक्टरांनी भीती घातली, नणंदेचीही काढली होती म्हणून मन धजावलं. मुकादम तिच्या गोष्टीत उचल आणि खाड्यापुरताच येतो. ते वाक्य तू आधीच्या बातम्यांतून उचललंस आणि तिच्या गोष्टीच्या डोक्यावर ठेवलंस. एखादा मुकादम तसं करतही असेल. तर तो शोध, त्याच्यावर लिही. पण या बाईची गोष्ट त्यापेक्षा अवघड आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. लवकर लग्न, विशीच्या आत मुलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाळी चालू असताना फडावर ना आडोसा ना पाणी. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. दुखणं अंगावर काढायचं, कारण दवाखान्यात गेलं की खाडा. आणि शेवटी गेल्यावर समोर असा डॉक्टर, ज्याच्याकडे एकच मोठा इलाज आहे. यात कोणी तिला 'भाग पाडलं' नाही आणि तिने मोकळ्या मनाने निवडलंही नाही. हे लिहायला एक वाक्य पुरत नाही, म्हणून तर शोधलेख लिहायचा.

दुसरी पेन्सिल: 'बीड जिल्ह्यातल्या दर सहा बायकांमागे एकीची पिशवी काढलेली आहे.' आरोग्य खात्याच्या २०१९ च्या त्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड बायकांची नोंद झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. भागाकार तू बरोबर केलास. पण त्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायका होत्या, जिल्ह्यातल्या सगळ्या नव्हेत. 'बीड जिल्ह्यातल्या' म्हटलंस की बीडच्या शिक्षिका, दुकानदारीण, नर्स सगळ्या त्यात आल्या. पुढे तू देशाच्या आकड्याशी तुलनाही केली आहेस. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे, ते ठीक. पण एक मोजणी ठरावीक वयोगटाची आणि दुसरी एका कामातल्या बायकांची, तेव्हा 'पाच पट' असं ठोकून देऊ नकोस. दोन्ही आकडे ठेव, कोण मोजलं गेलं ते प्रत्येकापुढे लिही. फरक इतका ढळढळीत आहे की त्याला तुझ्या गुणाकाराची गरज नाही.

तिसरी पेन्सिल हसू येऊन केली. 'खड्डा पडला की पाचशे रुपये कापतात.' रस्त्यावरचा खड्डा का गं? रेकॉर्डिंग ॲपकडून उतरवून घेतलंस ना? खाड्याचा खड्डा त्यानेच केला. त्या ॲपने बीडची बोली कधी ऐकलेलीच नाही; कोपीचं कॉपी, वाढ्याचं, म्हणजे उसाच्या शेंड्याचं, वडा, काहीही करेल. सगळं रेकॉर्डिंग कानाला लावून स्वतः उतरव. कंटाळा येतो, पण ती कुठे थांबली, कुठला प्रश्न तिने टाळला, हे त्यातच सापडतं.

आता दम कुठून आणायचा ते सांगते. कागदातून.

पहिला कागद तिच्याच पत्र्याच्या पेटीत असेल: डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या. तिला विचार, दाखवायला आवडेल का. नाही म्हणाली तर तिथेच थांब. हो म्हणाली आणि कागद हरवलेले असतील, तर रुग्णाने मागितल्यावर आपल्या उपचारांची कागदपत्रं ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत तसं आहे. पण ती मागणी तिने किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाने करायची, आणि मागितली की दवाखान्यात चर्चा होणारच. हे तिला आधी सांग. उत्साहाच्या भरात तिला दवाखान्याच्या दारात उभी करू नकोस.

कागद मिळाले तर वय, तारीख आणि निदान पाहा. काढलेली पिशवी तपासायला लॅबमध्ये पाठवली होती का, तो रिपोर्ट आहे का, तेही पाहा. कॅन्सरची शंका होती म्हणून ऑपरेशन केलं असेल तर तो रिपोर्ट असायलाच हवा. अंडाशयही काढले का? सव्विसाव्या वर्षी तेही गेले असतील तर पाळी कायमची बंद झाल्यावरचे त्रास, हाडं ठिसूळ होणं, हे सगळं तिच्या वाट्याला वीस-पंचवीस वर्षं आधी येतं, आणि ती अजून मोळ्या उचलतेच आहे. मग नाव-गाव झाकून ते कागद दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव आणि एवढंच विचार: या तक्रारीला आधी दुसरे कोणते उपचार करून पाहतात? अंगावरून पांढरं जाणं किंवा जास्त रक्तस्राव यांवर पहिल्यांदा औषधं देतात हे कोणीही सांगेल. पण तज्ज्ञाने तिचे कागद पाहून, स्वतःच्या नावानिशी सांगितलं, तर लेखाला जे नाव हवं होतं ते मिळालं. ज्याला नाव द्यायला काही धोका नाही अशा माणसाचं.

दुसरा कागद सरकारी. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितलं गेलं. परवानगी आली म्हणजे अर्ज आला, नोंदवही आली. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये या शस्त्रक्रियांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समिती सांगितली आहे. आणि बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ ला निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना ही तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. तीन महिने कधीच होऊन गेले. तर मग बीडमध्ये ती समिती बसते का? बसली तर इतिवृत्त कुठे आहे? हा प्रश्न तुझ्या मसुद्यात नाही, आणि माझ्या मते तुझी खरी बातमी इथे आहे. त्या बाईचं दुःख लोकांनी २०१९ मध्ये वाचलं, हळहळले, विसरले. त्यानंतर जे करू म्हणाले ते केलं का, हे विचारायला फार थोडे लोक परत गेले.

माहिती अधिकाराचा अर्ज टाक. तू विद्यार्थिनी आहेस की वार्ताहर, याने काही फरक पडत नाही. नागरिक असलीस की झालं, आणि कशासाठी हवं हे सांगायचीही गरज नाही. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून आटोपशीर लिही. मी साधारण असा लिहिला असता:

'जनमाहिती अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालय, बीड. विषय: खासगी रुग्णालयांतील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया. कालावधी: १ जानेवारी २०२० पासून अर्जाच्या तारखेपर्यंत. १) परवानगीसाठी आलेले अर्ज, मंजूर व नामंजूर यांची वर्षनिहाय संख्या. २) मंजूर प्रकरणांतील महिलांची वयोगटनिहाय संख्या (३० पेक्षा कमी, ३० ते ३९, ४० व त्यापुढे). ३) जिल्हास्तरीय देखरेख समिती स्थापन केल्याच्या आदेशाची प्रत. ४) समितीच्या सर्व बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती. कोणत्याही रुग्णाचे नाव अथवा ओळख पटेल असा तपशील नको.'

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळायला त्यांना जागा ठेवायची नाही, आणि तुलाही ती नावं नकोच आहेत. 'का' विचारू नकोस. या कायद्याने कार्यालयाकडे असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, स्पीड पोस्टाने पाठव, पावती जपून ठेव. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. आणि बीडला जाणं जमत असेल तर सोमवार गाठ: दर सोमवारी दुपारी तीन ते पाच जिल्ह्यातल्या कार्यालयांत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असं शासनाने २०१८ मध्येच सांगून ठेवलंय. बऱ्याच कार्यालयांना ते आठवत नाही. शासन निर्णयाची प्रत पिशवीत असू दे, नम्रपणे टेबलावर ठेवायची.

महिनाभर थांबलीस तर कॉलेजची तारीख जाईल म्हणशील. कॉलेजला आहे तेवढं दे, अर्ज टाकल्याची पावती जोडून. पोर्टलला मात्र उत्तर आल्यावर दे.

नाव काढण्याबद्दल एक राहिलं. नुसतं नाव खोडून भागत नाही. मसुद्यात तिचं वय आहे, दोन मुली आणि एक मुलगा आहे, नवऱ्याचा पाय मोडला होता ते आहे, कारखाना आहे, गावाचं नाव आहे, ऑपरेशनचं साल आहे. त्या टोळीतला कोणीही पहिल्या चार ओळींत ओळखेल ही कोण ते. तेव्हा बस आणि ठरव, गोष्टीला खरोखर कशाची गरज आहे. वय हवं, कारण सगळं त्यावर उभं आहे. जिल्हा हवा. गाव, कारखाना, नवऱ्याचा पाय यांच्यावाचून अडत नाही. साल 'काही वर्षांपूर्वी' करता येईल. पण बदलायचं नाही, गाळायचं. दोन मुलींच्या तीन करायच्या नाहीत, दोन बायकांच्या गोष्टी मिळवून एक बाई बनवायची नाही. नाव बदललं असेल तर 'नाव बदलले आहे' असं तिथेच लिहायचं आणि का बदललं तेही एका ओळीत. संपादकाला खरं नाव तोंडी सांग, रेकॉर्डिंग ऐकव, पण फाइल कोणाला पाठवू नकोस. वर्गाच्या ड्राइव्हवर टाकली असशील तर काढून घे.

डॉक्टर भेटत नाहीत हे साहजिक आहे. विद्यार्थी पाहिला की ते कंपाउंडरला पुढे करतात. लेखी प्रश्न पाठव, ईमेलने आणि पोस्टानेही, उत्तराला आठवडाभर दे. फक्त सांभाळ: या बाईच्या केसबद्दल विचारलंस तर ते रजिस्टर उघडून ती कोण हे शोधतील. म्हणून सर्वसाधारण विचार. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, चाळिशीच्या आतल्या किती, परवानगीची पद्धत काय, औषधोपचार किती दिवस करून पाहता. उत्तर आलं तर छाप, त्यांना अनुकूल असलं तरी. नाही आलं तर 'लेख प्रसिद्ध होईपर्यंत उत्तर आले नाही' असं लिही. दवाखान्याचं नाव या टप्प्यावर देऊ नकोस. एका बाईच्या सांगण्यावर डॉक्टरचं नाव छापलं तर भारतीय न्याय संहितेतलं मानहानीचं कलम ३५६ आहे, हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण असं की तुझ्याकडे अजून तेवढं आहेच कुठे? एकाच दवाखान्यातले दहा जणींचे कागद हाती आले तर मला पुन्हा लिही, तेव्हा वेगळं बोलू.

पाचशे रुपये. मैत्रिणीचं बरोबर आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तू बोलणं संपल्यावर, निघताना दिलेस. तिने त्यासाठी गोष्ट रचली नाही. पण नियम म्हणून पैसे द्यायचे नाहीत हेही खरं, कारण पुढच्या वेळी फडावर वार्ताहर आला की लोकांना वाटणार, रडकी गोष्ट सांगितली की नोट मिळते. मग खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. संपादकाला आणि सरांना सांगून टाक की असे पैसे दिले होते. लपवलं तर ते मोठं होतं. तुला ते द्यावेसे का वाटले, ते मी ओळखते: तुझ्याशी बोलण्यात तिचं काम खोटी झालं. याचा उपाय पैसे नाही, वेळ आहे. तोडणी चालू असताना बसायचंच नाही. संध्याकाळी कोपीवर जायचं, ती भाकरी करत असताना, पीठ मळून द्यायचं. बायका चुलीपाशी जे बोलतात ते फडावर बोलत नाहीत, आणि मुकादमही तिथे उभा नसतो. फोटोकॉपीचे, एसटीचे पैसे तुझ्या कामासाठी तिला पडले असतील तर ते बेलाशक दे.

'मला यातून काय मिळणार' असं तिने विचारलं होतं, असं मसुद्यात आहे, आणि तू उत्तरादाखल शासनाकडे बोट दाखवलंस. तिला खरं सांग की लेखातून तिला काही मिळणार नाही. एवढं मात्र सांगता येईल: ऊसतोड कामगारांची नोंदणी ग्रामपंचायतीत होते, ओळखपत्र मिळतं, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे. तिची नोंद झाली का, विचार. नसली तर का नाही, हाही लेखाचाच भाग. आणि बातम्यांनी काहीच होत नाही असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या हालांवरच्या एका वृत्तपत्रीय लेखाची स्वतःहून दखल घेतली होती. फक्त ते कधी होईल हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं, म्हणून त्याचं आश्वासन देता येत नाही.

सातशे शब्दांचं फार मनाला लावून घेऊ नकोस. अडीच हजारांतले पहिले सहाशे ऊसशेतीच्या इतिहासावर आहेत. ते कापताना कुणालाच दुखणार नाही. सातशेच मिळत असतील तर ती बाई दोनशेत, कागद चारशेत, डॉक्टर आणि कार्यालयाचं उत्तर शंभरात. पूर्ण लेख ग्रामीण वार्तांकनाला जागा देणाऱ्या आणि विद्यार्थ्यांचं लेखन घेणाऱ्या ठिकाणी पाठवून बघ.

आता ता. क. लिंक पाठवू नकोस. तिच्या घरात फोन एकच असणार, तो नवऱ्याच्या खिशात आणि संध्याकाळी पोरांच्या हातात. लिंक गेली की मथळा आणि चित्र आपोआप उघडतं, आणि एकाने टोळीच्या ग्रुपवर ढकललं की संपलं. छापायच्या आधी तिला सोयीची वेळ विचारून फोन कर आणि तिच्याविषयीचा मजकूर शब्दन् शब्द वाचून दाखव. चूक असेल ती दुरुस्त कर. एखाद्या तपशिलाने ओळखू येईन म्हणाली तर तो काढ, वाद घालू नकोस. मुकादमाला काय ओळखू येतं ते तिला तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आणि त्या फडावर काढलेले तुझे स्वतःचे फोटो, बैलगाडीशेजारी उभी वगैरे, जागेच्या नावासकट इन्स्टाग्रामवर टाकले असशील, तर हे वाचून झाल्यावर आधी ते काढ. मुकादमाच्या पोराकडेही मोबाइल आहे.

– तुझी ताई